केजी टूचे शेवटचे अठरा दिवस मुलांसाठी कसे वापरावेत?

प्रश्न
केजी टू शिक्षिका, प्रतापनगर

नमस्कार. नागपुरातील एका लहान मराठी शाळेत मी केजी टूचा वर्ग घेते. वर्गात २८ मुले आहेत. त्यांतील नऊ-दहा जणांच्या घरी हिंदी बोलली जाते, दोघांच्या घरी छत्तीसगढी आणि बाकीच्यांच्या घरी मराठी. रविवार आणि सुट्या वगळल्या तर वर्ष संपायला आता अठरा दिवस उरले आहेत. अक्षरओळख, शंभरपर्यंतचे आकडे, गाणी आणि गोष्टी असे जे काही जूनमध्ये ठरले होते, ते फेब्रुवारीअखेर पूर्ण झाले. त्यामुळे हे अठरा दिवस खरोखरच मोकळे आहेत आणि ते वाया जाऊ नयेत अशी माझी तळमळ आहे.

शाळेने शेवटच्या शनिवारी पदवीदान समारंभ ठरवला आहे. काळा गाऊन, गोंड्याची चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेले प्रमाणपत्र आणि त्यानंतर तीन नाच, असा तो कार्यक्रम असतो. वेळ सकाळी दहाची, जागा शाळेचे पटांगण, वर कापडी मांडव. गेल्या वर्षीही असेच झाले होते. त्या वेळी पंधरा दिवस नाचाच्या सरावात गेले आणि तेवढ्या दिवसांत ठोकळ्यांची पेटी एकदाही उघडली गेली नाही. ज्यांची पाळी आलेली नसे ती मुले त्याच पेटीच्या झाकणावर ओळीने बसून राहत. ते दृश्य मला अजूनही अस्वस्थ करते.

समारंभ होऊच नये असे माझे म्हणणे नाही, कारण पालक त्याची वाट पाहतात हे मला ठाऊक आहे. परंतु मुलांचे वर्ष मुलांना कळेल अशा रीतीने संपावे, यासाठी या दिवसांत काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. प्रत्येक मुलामागे पन्नास रुपये खर्च करण्याची परवानगी आहे. वर्गात दोन पंखे आणि एक कूलर आहे, पण कूलर लावला की मागे बसलेल्या मुलांना माझे बोलणे ऐकू जात नाही. आणखी एक गोष्ट मला छळते. बारा मुले आमच्याच शाळेच्या पहिलीत जातील आणि उरलेली वेगवेगळ्या शाळांत विखुरतील. त्यांच्यातला एक मुलगा रोज डबा उघडताना मला विचारतो, ‘मॅडम, पाऊस आला की मी इथेच येणार ना?’ त्याला काय उत्तर द्यावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १
निवृत्त बालवाडी शिक्षिका, महाल

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले. एकतीस वर्षे मी बालवाडी चालवली आणि वर्षअखेर कशी करावी हे मला त्यातली पहिली दहा वर्षे तरी उमगले नव्हते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘वर्ष संपले’ हे शब्द कळत नाहीत. काल, उद्या आणि परवा यांच्यात ते अजून चाचपडत असते. त्याला कळते ते डोळ्यांना दिसणारे आणि हाताला लागणारे. म्हणून पहिल्याच दिवशी रंगीत कागदाच्या पट्ट्यांची अठरा कड्यांची साखळी करून दारावर लावा आणि रोज घरी जाताना एका मुलाला एक कडी काढू द्या. साखळी आखूड होत जाते आणि मुलांना न सांगता समजते. डब्याच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला उगाच धीर देण्यासाठी ‘हो, हो’ म्हणू नका. साखळीजवळ नेऊन, इतक्या कड्या उरल्या आहेत, त्या संपल्या की उन्हाळ्याची सुटी आणि सुटी संपली की तुझी नवी शाळा, असे सरळ सांगा. मुले खरे उत्तर पचवतात. त्यांना पचत नाही ते मोठ्यांचे टाळाटाळ करणे.

दुसरी गोष्ट चित्रांची. जूनमध्ये मुलांनी स्वतःचे चित्र काढले असेल आणि तुम्ही ते जपले असेल, तर निम्मे काम झालेले आहे. जूनच्या चित्रात बहुतेकदा एक मोठे गोल डोके असते आणि त्यालाच खालून दोन पाय फुटलेले असतात. आता पुन्हा तेच चित्र काढायला सांगा. पोट येईल, बोटे येतील, वेणी आणि शर्टाची बटणेही येतील. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा आणि आपण गप्प बसा. मूल जे बोलेल ते, ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत, त्याच्या शब्दांत चित्राखाली लिहून ठेवा. हिंदीत बोलले तर हिंदीत लिहा, मराठी करत बसू नका. माझ्याकडची एक मुलगी आपले जूनचे चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाली होती, ‘तेव्हा मला हात काढायचे राहिले होते, म्हणून मी कोणाला धरत नव्हते.’ जूनमध्ये ती खरोखरच कोणाचा हात धरत नसे. जूनची चित्रे नसतील तर वहीच्या पहिल्या पानावरचे नाव आणि आजचे नाव शेजारी ठेवले तरी चालते.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. मी दर जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या उंचीची परकराची सुती नाडी कापून ठेवत असे. लोकर घेऊ नये, ती ताणली जाते आणि माप खोटे ठरते. तुम्ही जूनमध्ये हे केले नसेल, तरी आरोग्य तपासणीच्या नोंदवहीत तेव्हाच्या उंच्या सापडतील. त्या मापाने आता नाड्या कापा. या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढते, म्हणजे आठ-नऊ महिन्यांत त्याच्या स्वतःच्या जवळपास चार बोटांइतके. नाडीचे एक टोक टाचेखाली धरून दुसरे भिंतीवर वर नेले की ते डोक्यापर्यंत पोहोचतच नाही, कपाळावरच थांबते. मुलाला आपली वाढ अशी बोटाने मोजता येते. हे मात्र एकेका मुलाला बाजूला घेऊन करावे. सगळ्यांना रांगेत उभे करून कोण किती वाढले याची तुलना केली, तर बुटक्या मुलाच्या मनाला लागते आणि सगळे मुसळ केरात जाते.

रोजच्या उपक्रमांसाठी अक्षरांचा आधार घ्या. अठरा दिवस, अठरा अक्षरे, आणि प्रत्येक अक्षराचे एक हाताने करायचे काम. ‘क’ कैरीचा म्हणून पन्हे करा. उकडलेल्या कैरीचा गर मुलांनाच हाताने कुस्करू द्या. ‘झ’ झाडूचा म्हणून वर्ग आवरा, खेळणी धुऊन वाळत घाला. पाण्यात हात घालायला मिळाला की मुले तासभर रमतात आणि कूलरचीही गरज भासत नाही. ‘ठ’ ठोकळ्यांचा, त्या दिवशी दुसरे काहीच नको. गेल्या वर्षीची ती पेटी तुमच्या मनात आहे, तर तिला पूर्ण एक दिवस द्या.

‘स’ संत्र्याचा दिवस मात्र लवकर, पहिल्या आठवड्यातच घ्या, कारण मृग बहराची संत्री मार्चच्या पुढे मिळेनाशी होतात. दर चार मुलांना एक संत्रे पुरे. सोलण्याआधी आत किती फोडी असतील याचा अंदाज प्रत्येकाला सांगू द्या आणि फळ्यावर लिहा. पहिल्या वेळी मुले तीन म्हणतात, कोणी शंभर म्हणते. नागपुरी संत्र्यात साधारण दहा ते बारा फोडी निघतात. दुसरे संत्रे सोलताना अंदाज आपोआप नऊ-दहाच्या आसपास येऊ लागतात, आणि अनुभवावरून अंदाज सुधारणे म्हणजे काय हे मुले आपणहून शिकलेली असतात. बिया मोजाव्यात, सालीचा वास घ्यावा, आणि मग फोडी वाटून खाव्यात. दोन फोडी उरल्या तर त्या कोणाला द्यायच्या, हे मुलांनाच ठरवू द्या.

साधनांच्या खर्चाची काळजी करू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते अनुताई वाघांच्या सोबतीने कोसबाडला नेले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, बिया, पाने आणि खडेच मुलांच्या हाती दिले होते. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, पळसाची पाने आहेत. पन्नास रुपयांत तुमचे सारे भागून काही उरेल.

एक सूचना काळजीपोटी करते. फुगे आणू नका. उन्हाने फुगे फटाफट फुटतात, आणि फुटलेल्या रबराचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून श्वास कोंडू शकतो.

प्रतिसाद २
पालक, मनीषनगर

मी शिक्षिका नाही, पण दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा अशाच एका समारंभात होता, म्हणून लिहितो. शाळेचे नाव घेत नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. कार्यक्रम दहाला सुरू व्हायचा होता, पण पाहुणे आले अकराला. तोपर्यंत मुले भाड्याने आणलेले टेरिकॉटचे काळे गाऊन घालून मांडवात बसली होती. पाणी मागितले तर ‘कपडे भिजतील’ म्हणून थांबवले गेले. माझ्या मुलाला मंचावर जाण्याआधीच उलटी झाली आणि त्याच्यामागची मुलगी घाबरून रडू लागली. आम्ही त्याला घेऊन घरी आलो. त्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी मिळाले, पण त्याने ते हातात घेतले नाही. आजही ते कपाटात आहे.

त्या गाऊनचे साडेतीनशे रुपये मीच आनंदाने भरले होते आणि फोटोसाठी पहिल्या रांगेत जागाही धरली होती, हे मला येथे सांगितले पाहिजे. आपल्या नागपुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे आपणा सर्वांना ठाऊक असते. तरीही कार्यक्रम ठरवताना ते कोणी मोठ्याने म्हणत नाही. मॅडम, मुख्याध्यापिकांकडे बाकी काही मान्य झाले नाही तरी चालेल, पण वेळ सकाळी साडेसातची आणि जागा आतल्या हॉलची, एवढे नक्की मागून घ्या. पाहुण्यांसाठी मुलांना ताटकळत ठेवणार नाही, असेही आधीच ठरवून घ्या. मुलांचे फोटो पालकांच्या गटावर टाकायचे असतील तर तत्पूर्वी प्रत्येक घराची लेखी संमती घ्यावी, अशीही विनंती आहे.

प्रतिसाद ३
पहिलीचा वर्गशिक्षक, हुडकेश्वर

मॅडम, तुमची मुले जूनमध्ये आमच्यासारख्यांच्या वर्गात येणार, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पदवीदानाबद्दल मुख्याध्यापिकांशी बोलताना एक मुद्दा तुमच्या उपयोगी पडेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी ही दोन वर्षे मिळून तो पूर्ण होतो. म्हणजे केजी टू संपते तेव्हा मूल त्या स्तराच्या मध्यावर असते. जिथे काही संपतच नाही तिथे पदवी कसली द्यायची, हा प्रश्न नम्रपणे विचारता येईल. याच स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांचे मूल्यमापन लेखी परीक्षेने न करता निरीक्षणातून आणि मुलांनी केलेल्या कामातून करावे असे सांगितले आहे. वर बाईंनी सांगितलेली दोन चित्रे आणि त्याखालचे मुलाचे शब्द हे त्याचेच उत्तम उदाहरण आहे. असे कागद एका फाईलमध्ये लावून दिलेत, तर ती फाईल मला प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी अधिक सांगेल.

आता मुलांच्या भीतीविषयी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गात जी मुले रडतात, ती अभ्यासाला घाबरून रडत नाहीत. शौचालय कुठे आहे, ते कोणाला विचारायचे, डब्याचे झाकण उघडले नाही तर काय करायचे, पाण्याची बाटली संपली तर कुठे भरायची, अशा गोष्टींनी ती कासावीस होतात. गेल्या जूनमध्ये एका मुलीने चार दिवस डबा उघडलाच नव्हता. घरून नवीन स्टीलचा डबा दिला होता, त्याची कडी तिच्या बोटांना जड जात होती, आणि हे सांगण्याइतकी माझी ओळख तिला झाली नव्हती. म्हणून या अठरा दिवसांत एक दिवस असा ठेवा, की मुले स्वतःचा डबा, बाटली, बूट आणि दप्तराची चेन कोणाच्याही मदतीशिवाय हाताळतील, आणि ‘मला मदत हवी आहे’ हे वाक्य अनोळखी माणसाला मराठीत आणि हिंदीत मोठ्याने म्हणून पाहतील. यासाठी शाळेतील दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांना बोलवावे. स्वतःच्या बाईंसमोर मुले लाजत नाहीत, त्यामुळे खरा सराव होत नाही.

तुमच्याच शाळेत पहिलीचा वर्ग आहे, तर सर्व २८ मुलांना तिथे अर्धा तास नेऊन बसवा. जी मुले दुसऱ्या शाळेत जाणार त्यांनाही न्या. बाक, फळा आणि पहिलीची मुले दिसली की त्यांना पुष्कळसा धीर येतो. पहिलीच्या मुलांना काहीही विचारण्याची मोकळीक द्या. मी एकदा असे केले तेव्हा पहिला प्रश्न आला होता, ‘इथे मधल्या सुटीत पळता येते का?’

प्रतिसाद ४
आई, पाचपावली

येथे सर्वजण गाऊनच्या विरोधात लिहीत आहेत. मला थोडे वेगळे वाटते, ते मांडू द्यावे.

मी घरी शिवणकाम करते, माझे पती ऑटो चालवतात. आम्हा दोघांच्याही घरात कोणी पदवीपर्यंत गेलेले नाही. मोठ्या मुलीचा केजीचा समारंभ झाला तेव्हा तिचा टोपीतला फोटो माझ्या सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी लावला. त्या रोज सकाळी दिवा लावतात आणि त्या फोटोकडे पाहतात. मुलगी आता तिसरीत आहे. अभ्यासाचा कंटाळा आला की आजी तिला तो फोटो दाखवते. आपल्या घरातील मूलही ती टोपी घालू शकते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ज्यांच्या भिंतीवर आधीपासून असे फोटो आहेत, त्यांना त्याचे महत्त्व वाटणार नाही, पण आम्हाला वाटते.

उन्हाचे जे वर लिहिले आहे ते अगदी खरे आहे, आणि टेरिकॉटचा काळा कपडा या दिवसांत मुलाच्या अंगावर घालू नये हे शिवणकाम करणारी म्हणून मीही सांगते. परंतु गाऊन काढून टाकायचा असेल तर त्याच्या जागी काहीतरी असावे, ज्यात मूल सजलेले, मान मिळालेले दिसेल आणि ज्याचा फोटो भिंतीवर लावता येईल. मला सुचते ते असे, की पांढऱ्या सुती मांजरपाटाचा छोटासा शेला करावा, अर्धा फूट रुंद आणि चार फूट लांब. मोठ्या पन्ह्याच्या पाच मीटर कापडात २८ शेले निघून थोडे कापड उरेल. कडा मी दुमडून देईन, त्याचे पैसे नकोत. एका टोकाला मुलाच्या हाताचा ठसा आणि दुसऱ्या टोकाला त्याने स्वतः लिहिलेले नाव असावे. शेला खांद्यावर घालण्याचा मान घरातील मोठ्या माणसाला द्यावा. आमच्याकडे तो आजीला मिळेल.

प्रतिसाद ५
अंगणवाडी सेविका, वाडी

पाचपावलीच्या ताईंची कल्पना मला फार आवडली. त्यात माझी एक भर. पळसाची फुले आम्ही होळीच्या आधीच वेचून सावलीत वाळवून ठेवतो. वाळलेली फुले रात्रभर पाण्यात भिजवली आणि सकाळी उकळली की सुरेख केशरी रंग येतो. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढले तर रंग जरा धरून राहतो, तरीही हा रंग कच्चाच, कडक उन्हात वाळवला तर उडतो, म्हणून शेले सावलीत वाळवावेत. रंग गडद व्हावा म्हणून काही जण त्यात चुना टाकतात. मुले हात घालणार असतील तर तो टाकू नये, कातडीची आग होते. उकळणे मोठ्यांनी करावे आणि गार झालेल्या पाण्यात शेले बुचकळण्याचे काम मुलांनी. फुलांची एक पिशवी मी तुम्हाला देऊ शकेन.

आमच्या अंगणवाडीत सगळी मुले एकदम जात नाहीत. सहा वर्षांची जातात, तीन-चार वर्षांची मागे राहतात. त्यामुळे आमच्याकडे निरोप म्हणजे कामे सोपवणे. चटई अंथरणारा, ताटल्या वाटणारी, माठाजवळ उभे राहून सांडलवंड पुसणारा अशी प्रत्येक मोठ्या मुलाची वर्षभराची एक जबाबदारी असते. शेवटच्या आठवड्यात ते मूल एका धाकट्याला जोडीला घेते आणि काम शिकवते. शिकवताना त्याच्या तोंडून आपलेच शब्द ऐकू येतात, तेव्हा वर्षभर आपण मुलांशी कसे बोललो हे कळते. तुमच्या शाळेत केजी वनचा वर्ग असेल तर हे सहज करता येईल.

जाताना प्रत्येक मुलाला मातीचे एक परळ द्यावे, पाखरांसाठी पाणी ठेवायला. कुंभाराकडे दहा-पंधरा रुपयांत मिळते. सुटीत रोज सकाळी ते भरणे हे मुलाचे काम.

प्रतिसाद ६
केजी टू शिक्षिका, प्रतापनगर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. सर्व प्रतिसाद छापून मुख्याध्यापिकांना वाचायला दिले. समारंभ सकाळी साडेसातला, हॉलमध्ये आणि पाऊण तासाचा होईल. गाऊनऐवजी शेला असेल. तीनपैकी एक नाच राहील, पण तो मुलांना आधीपासून येणारा तान्ह्या पोळ्याचा. गेल्या पोळ्याला आपापले लाकडी नंदी घेऊन त्यांनी तो केला होता आणि त्याला सरावाची गरज नाही. शेला आजी, आजोबा, आई, वडील, ज्याला मूल निवडेल तो घालेल. पाचपावलीच्या ताईंनी लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. फोटोचा हट्ट धरणाऱ्या पालकांकडे मी आजवर केवळ हौस म्हणून पाहत आले, त्यामागे एवढे काही असेल हे माझ्या लक्षात आले नव्हते.

एक लहान शंका आहे. ‘ब’ बुडबुड्यांचा असा दिवस काल घेतला, पण बुडबुडे फुगताच फुटत होते आणि मुले हिरमुसली. साबण कमी पडला का?

प्रतिसाद ७
निवृत्त बालवाडी शिक्षिका, महाल

साबण कमी पडला नाही, हवा कोरडी पडली. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत बुडबुड्याच्या पापुद्र्यातील पाणी भराभर उडून जाते. भांडी घासण्याच्या द्रव साबणाच्या एका वाटीला पाच-सहा वाट्या पाणी आणि दोन चमचे ग्लिसरीन घाला, मिश्रण रात्रभर राहू द्या आणि सकाळी पहिल्या तासाला, भिंतीच्या सावलीत, जमिनीवर पाणी शिंपडून मग फुंका. तळहात ओला केला तर बुडबुडा हातावरही बसतो. कोरड्या हातावर का फुटतो, हा प्रश्न मुलांनाच विचारा.

सहलीचा विषय निघालेला नाही, पण निघेल. महाराजबाग आता नको, सोबतच्या पालकांनाही ऊन सोसणार नाही. मेट्रोने सुभाषनगर ते सीताबर्डी आणि परत असा तासाभराचा फेरा करा. मेट्रोचा डबा गार असतो, अंबाझरी तलाव खिडकीतून दिसतो आणि मुले स्थानके मोजतात. दर चार मुलांमागे एक मोठा माणूस हवाच.

प्रतिसाद ८
केजी टू शिक्षिका, प्रतापनगर

आज साखळीच्या तीन कड्या उरल्या आहेत. काल आणि आज मिळून नाड्या मोजल्या. आरोग्य नोंदवहीतील जुलैच्या मापाने त्या मी आधीच कापून ठेवल्या होत्या. एकेका मुलाला कपाटामागच्या भिंतीशी बोलावले. डब्याच्या वेळी तो प्रश्न विचारणारा मुलगा टाचा घट्ट दाबून उभा राहिला. नाडी त्याच्या कपाळावर, केसांच्या थोडी खाली संपली. त्याने तिथे बोट ठेवले, तिथून डोक्यापर्यंत चाचपडत हात नेला आणि म्हणाला, ‘मैं इतना बाहर आ गया.’ मी त्याचे वाक्य तसेच्या तसे त्याच्या फाईलमध्ये लिहिले. नंतर त्याने आणखी विचारले, की ही नाडी नव्या शाळेत नेता येईल का. मी होकार दिला. आज डबा खाताना त्याने तो रोजचा प्रश्न विचारला नाही. उद्या विचारेलही कदाचित, आणि विचारला तर पुन्हा साखळीजवळ जाऊ.

एक अडचण मात्र आली. एक मुलगी नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडहून आमच्याकडे आली, त्यामुळे नोंदवहीत तिची उंची नाही. सगळ्यांच्या हातात नाड्या आणि तिचा हात रिकामा. मी काही बोलण्याआधी दोन मुलींनी सुचवले, की तिची आता कापू या आणि ती मोठी झाली की मोजू या. तिने स्वतः पाय जुळवून उभे राहून नाडी कापून घेतली. ती जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जाईल. ही नाडी फाईलमध्ये लावून, पुढच्या मार्चमध्ये मोजावी अशी चिठ्ठी तिच्या नव्या शिक्षकांसाठी जोडली तर ते वाचतील का? हुडकेश्वरच्या सरांनी सांगावे.

प्रतिसाद ९
पहिलीचा वर्गशिक्षक, हुडकेश्वर

मॅडम, चिठ्ठी फाईलच्या आत ठेवू नका, पहिल्या पानावर चिकटवा, कारण जूनमध्ये आमच्यापुढे चाळीसेक मुले, त्यांचे दाखले आणि आधारच्या प्रती एकदम येतात आणि आतली पाने दिवाळीपर्यंत उघडली जात नाहीत. नाडी कागदाच्या पाकिटात घालून पाकीट फाईलला दोन टाके घालून शिवा, टाचणी लावू नका. पाकिटावर मुलीचे नाव, आजची तारीख आणि तिच्या घरची भाषा लिहा. आणि तिच्या आईलाही ती नाडी एकदा दाखवून ठेवा, म्हणजे शिक्षक विसरले तरी मार्चमध्ये घरी कोणीतरी मोजेल.